शुगर ग्लायडरला ‘साखर’ पुरत नाही

शुगर ग्लायडर म्हणजे उडणाऱ्या खारीचं छोटं भावंड, फळाच्या फोडी आणि थोडा मध दिला की खूश, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. दोन्ही गोष्टी चुकीच्या.

खारीशी त्याचं नातं नाही. तो कांगारूच्या गोतातला, ऑस्ट्रेलियातला शिशुधान, म्हणजे पोटपिशवीवाला प्राणी. मादीचा गर्भकाळ जेमतेम 16 दिवसांचा. पुढचे सुमारे 70 दिवस पिल्लू पोटपिशवीत वाढतं. पुढच्या-मागच्या पायांमधलं कातडं ताणून तो तरंगतो, एवढंच सह्याद्रीतल्या उडणाऱ्या खारीशी साम्य.

खरा घोळ नावातल्या ‘शुगर’चा. जंगलात तो निलगिरीचा रस, बाभूळवर्गातल्या झाडांचा डिंक, फुलांतला मध चाटतो हे खरं, पण किडेही भरपूर खातो. घरी नुसती सफरचंदं-केळी मिळाली की कॅल्शियम कमी पडतं. हाडं ठिसूळ होतात, आणि एक दिवस मागचे पाय ओढत चालणारं पिल्लू दिसतं. लोकांना वाटतं, पडलं असेल. बहुतेकदा ते उपाशी असतं, पोट भरलेलं असूनही.

आणि तो लाडानं खिशात येऊन झोपतो म्हणतात, ते? दिवसभर तुमच्या खिशात गुरगुटून झोपतो, कारण तो निशाचर आहे. अवेळी उठवा, घरघरत असा ओरडतो की हात आपोआप मागे येतो. रात्री त्याला सोबत लागते ती आपल्या जातीची. एकटा ठेवला तर स्वतःचीच लव उपटत बसतो. कॅलिफोर्नियात तर तो पाळायलाच बंदी आहे.