बनावट तांत्रिक मदत (बेळगाव सीमाभाग)

बनावट तांत्रिक मदत : संगणकात व्हायरस शिरला आहे, मोबाइल हॅक झाला आहे, बँकेचे ॲप आज रात्री बंद पडणार आहे असे भासवून, दुरुस्तीच्या निमित्ताने यंत्राचा ताबा मिळवायचा आणि त्यातून पैसे काढून घ्यायचे, हा फसवणुकीचा प्रकार. यात तंत्रज्ञानाचा भाग फार थोडा असतो. अवघड काम एकच, समोरच्याने आपल्याला मदतनीस मानावे. ते एकदा जमले की उरलेली कामे, म्हणजे ॲप उतरवणे, परवानगी देणे, ओटीपी सांगणे, फसणारा माणूस स्वतःच्या हातांनी करून देतो.

हा धंदा साधारण २००८ पासून जगभर माहीत झाला. सुरुवातीला भारतातील कॉल सेंटरांतून अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातल्या वृद्धांना ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय’ असे फोन जात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ मध्ये अशा टोळ्यांविरुद्ध मोठी कारवाई केली, तर भारतात केंद्रीय अन्वेषण विभागाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ऑपरेशन चक्र-२’ या नावाने अनेक राज्यांत छापे घातले. बेळगावही या नकाशाबाहेर राहिलेले नाही. अमेरिकी नागरिकांना गंडवणारे एक बनावट कॉल सेंटर नोव्हेंबर २०२५ मध्ये शहर पोलिसांनी उघडकीस आणले आणि तीसहून अधिक जणांना अटक केली. त्यामुळे ‘हे सगळे दिल्ली-नोएडाकडचे लोक करतात’ ही आपल्याकडची समजूत सोडून दिलेली बरी.

संगणकावरची जुनी पद्धत आजही चालते, म्हणून ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. फोनवरचा माणूस विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडायला सांगतो. तिथे लाल फुल्या आणि पिवळ्या त्रिकोणांची लांब यादी दिसते. प्रत्येक धडधाकट संगणकात ती असतेच. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी तिथे नोंद पडते. पण पहिल्यांदाच पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मग काळ्या खिडकीत ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा टाइप करायला लावतात. उत्तरातल्या एका रकान्याचे नाव ‘फॉरेन ॲड्रेस’ असते. त्याचा अर्थ ‘जोडणीच्या पलीकडचा पत्ता’ एवढाच. पण ‘बघा, परदेशातले लोक तुमच्या मशीनमध्ये शिरलेत’ असे सांगितले जाते. सर्वांत धूर्त युक्ती ‘असॉक’ या आज्ञेची. तिच्या यादीच्या शेवटाजवळ ८८८डीसीए६० ने सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक दिसतो. फोनवरचा माणूस तो आधीच पाठ म्हणून दाखवतो आणि म्हणतो, ‘हा तुमच्या कॉम्प्युटरचा खास नंबर आहे, आम्ही कंपनीचे नसतो तर आम्हाला कसा कळला असता?’ प्रत्यक्षात तो सगळ्या विंडोज संगणकांत एकच असतो.

फोन न करताही जाळे लावता येते. चुकीच्या जाहिरातीवर बोट पडले की पडदाभर लाल-निळी पाटी, सायरनचा आवाज, ‘संगणक बंद करू नका’ असा दम आणि खाली टोल-फ्री नंबर. हे ब्राउझरमधले एक साधे पान असते. एस्केप कळ काही सेकंद दाबून धरली की ते पूर्ण पडद्यावरून खाली येते. नाहीच आले तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा, आणि पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणू का असे विचारले तर नको म्हणावे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटिसंदेशात फोन नंबर कधीच नसतो. ही एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना ठाऊक असेल तर या पाटीची भीती संपते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी या पट्ट्यात संगणकापेक्षा मोबाइलवरचा प्रकार अधिक त्रासदायक ठरतो, आणि त्याची मुळे इथल्या रोजच्या व्यवहारात आहेत. बँकेचा एसएमएस इंग्रजीत येतो. ग्राहकसेवेला फोन लावला तर कन्नड, हिंदी किंवा इंग्रजी निवडायला सांगतात. मराठीसाठी दाबायचे बटण बहुतेक ठिकाणी नसते. सरकारी कागद कन्नडमध्ये येतो. त्यामुळे मराठी घरातल्या मोठ्या माणसांना दुसऱ्याकडून वाचून घ्यायची, ‘बघ रे बाळा, काय आलंय ते’ म्हणून मोबाइल दुसऱ्याच्या हातात द्यायची जुनी सवय आहे. शेजारचा पोरगा, ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रातला मुलगा, सोसायटीचा क्लार्क यांनी ही कामे वर्षानुवर्षे इमानाने केली आहेत. भामटा नेमक्या त्याच जागी येऊन बसतो. इथल्या माणसाला भोळा ठरवून हा प्रश्न सुटत नाही. मदत सरळ हातात पडत नसली की कोणीही मधला माणूस शोधणारच.

आणि तो शोधला जातो इंटरनेटवर. गॅसचे बुकिंग अडले, यूपीआयने पैसे कापले गेले पण पोहोचले नाहीत, कुरियर अडकले, की माणूस कंपनीचे नाव आणि ‘कस्टमर केअर नंबर’ असे टाइप करतो. वर येणाऱ्या नंबरांत भामट्यांनी पेरलेले नंबरही असतात. नकाशावरच्या दुकानांच्या आणि शाखांच्या नोंदींतही ते घुसवले जातात. इथे फोन आपणच केलेला असतो, त्यामुळे संशय येत नाही. ‘अनोळखी फोन उचलू नका’ हा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. फोन कोणी केला यापेक्षा नंबर कुठून मिळाला हे पाहावे. एटीएम कार्डाच्या पाठीमागचा, पासबुकावरचा, बिलावर छापलेला किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधला नंबर चालेल. शोधयंत्रात वर दिसला म्हणून घेतलेला, एसएमएसमध्ये आलेला, कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेला चालणार नाही. बँकांची संकेतस्थळे रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर हलली आहेत, त्यामुळे खरे संकेतस्थळ ओळखणे थोडे सोपे झाले आहे. बँकांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारी नंबरांची मालिकाही ठेवली आहे. मात्र नंबर दिसायला बरोबर असला तरी ओटीपी मागितला गेला तर फोन ठेवावाच.

पुढची पायरी ठरलेली असते. हिंदीत, क्वचित मोडक्या मराठीत, ‘अंकल, घाबरू नका, मी सांगतो तसं करा’ असा दिलासा मिळतो आणि एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा तत्सम ॲप उतरवायला सांगतात. ही ॲपे मुळात खोटी नाहीत; कंपन्यांचे तंत्रज्ञ ती रोज वापरतात. पण त्यात दिसणारा नऊ-दहा आकडी क्रमांक आपण सांगितला आणि परवानगी दिली, की आपला पडदा पलीकडे दिसू लागतो. ओटीपी सांगायचीही गरज उरत नाही, तो येताना तिकडे वाचता येतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना या पद्धतीबद्दल सावध केले होते. दुसरा मार्ग व्हॉट्सॲपवरून आलेल्या एपीके फाइलचा, म्हणजे मोबाइलवर ॲप बसवणाऱ्या फाइलचा. तिला कधी बँकेचे नाव असते, कधी पीएम किसानचे, कधी वाहतूक चलनाचे. ती बसवून एसएमएस वाचायची परवानगी दिली की मोबाइल आपल्या हातात आणि खाते दुसऱ्याच्या, अशी गत होते. ‘नोंदणीसाठी फक्त दहा रुपये भरा’ हा तिसरा मार्ग. दहा रुपयांसाठी टाकलेला पिन हेच खरे लक्ष्य असते. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही, हे ‘रिफंड’च्या आमिषाला पुरेसे उत्तर आहे.

सीमाभागात मदतीची ही बतावणी काही ठरावीक सोंगे घेते. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. खानापूर तालुक्यात आणि पलीकडे चंदगडमध्ये निवृत्त जवानांची घरे गावोगाव आहेत. नोव्हेंबर आला की जीवन प्रमाणपत्राचे दिवस, आणि ‘पेन्शन ऑफिसातून बोलतोय, तुमचं प्रमाणपत्र ऑनलाइन करून देतो’ असा फोन त्याच सुमारास येणे स्वाभाविकच. पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक, हुद्दा, निवृत्तीची तारीख भामटा आधीच सांगतो, आणि एवढे माहीत आहे म्हणजे माणूस खात्याचाच असा समज होतो. पेन्शन खाते फोनवरून ओटीपी मागून प्रमाणपत्र करून देत नाही. बँकेत, पोस्टात किंवा घरबसल्या ‘जीवन प्रमाण’ ॲपवरून ते स्वतः करता येते. विजेच्या बाबतीत ‘बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला लाइन कट होईल, या अधिकाऱ्याला फोन करा’ हा संदेश देशभर फिरतो आणि इथे तो हेस्कॉम या वीज कंपनीच्या नावावर खपतो. तक्रारीचा खरा नंबर १९१२. गृहलक्ष्मी या कर्नाटक सरकारच्या महिलांसाठीच्या योजनेचे दोन हजार थांबले की ‘केवायसी करून देतो’ म्हणणारेही उगवतात. तो हप्ता अडला तर ग्राम वन किंवा बेळगाव वन केंद्रात चक्कर मारणे कंटाळवाणे असले तरी सुरक्षित आहे.

फसवणूक झाल्यावर : पहिला तास मोलाचा असतो. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकावा, दूरनियंत्रणाचे ॲप काढावे, आणि दुसऱ्या फोनवरून १९३० हा राष्ट्रीय नंबर लावावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतानाच पुढची बँक ते रोखू शकते, म्हणून आधी घरात चर्चा, मग सकाळी बँक, असे करू नये. त्याच वेळी कार्डामागच्या नंबरावरून बँकेला कळवून खाते गोठवायला सांगावे. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. व्यवहाराचा यूटीआर (ओळख) क्रमांक, स्क्रीनशॉट, भामट्याचा नंबर जपून ठेवावा. लाजेपोटी चॅट पुसून टाकणारे पुष्कळ असतात आणि पुरावा तिथेच जातो. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून. ##००२# डायल केले की आपले फोन दुसरीकडे वळवण्यासाठी गुपचूप लावलेले कॉल फॉरवर्डिंग रद्द होते.

प्रत्यक्ष ठाणे गाठायचे तर कर्नाटकात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) पोलिस ठाणी आहेत. शहर पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीतला माणूस शहरच्या ठाण्यात जातो, खानापूर-निपाणीकडचा जिल्ह्याच्या. सीमेवरच्या लोकांची खरी अडचण वेगळीच : घर कर्नाटकात, खाते कोल्हापूरच्या शाखेत, पैसे गेले तिसऱ्याच राज्यात. ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर तेव्हा ऐकावे लागू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असला तरी ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. इलेक्ट्रॉनिक मार्गाने तक्रार दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

पैसे परत मिळण्याबाबतचे नियम रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसेच निघाले. त्यांनुसार ग्राहकाची चूक नसेल आणि त्याने तीन कामकाजी दिवसांत कळवले तर त्याचे दायित्व शून्य. ओटीपी किंवा पिन स्वतःच दिला असेल तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, त्यानंतरचे बँकेचे. बनावट मदतीच्या बहुतेक प्रकरणांना ही दुसरी, कडू बाजू लागू होते, म्हणून कळवल्याची वेळ लेखी असणे फार कामाचे. बेळगाव जिल्ह्यात लोकांच्या ठेवी मोठ्या प्रमाणात सौहार्द सहकारी आणि इतर पतसंस्थांत असतात. त्या बँका नसल्याने त्यांना ही परिपत्रके लागू नाहीत. तिथे मोबाइल ॲपची सोय घेण्याआधी, पैसे गेले तर जबाबदारी कोणाची हे संस्थेकडून लेखी घ्यावे.

एकदा फसलेल्या माणसाचे नाव-नंबर पुढे विकले जातात. काही आठवड्यांनी ‘सायबर विभागातून बोलतोय, तुमची रक्कम सापडली आहे, सोडवण्यासाठी शुल्क भरा’ असा फोन येतो. तक्रार केलेल्याला तो खरा वाटण्याची शक्यता जास्त, कारण तो अशा फोनची वाटच पाहत असतो. पोलिस किंवा १९३० वाले पैसे परत देण्यासाठी शुल्क घेत नाहीत. गोठवलेली रक्कम रीतसर प्रक्रियेने थेट बँक खात्यात येते.