आकड्यांत न मावलेले खेळाडू : एनबीएमधील नोंदींची पार्श्वभूमी

बास्केटबॉलपटूची आकडेवारी त्याचे संघासाठीचे खरे मोल सांगते का, हा वाद संगणकाच्या काळात जन्मलेला नाही. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये कोणती गोष्ट केव्हापासून मोजली गेली, या इतिहासातच त्याचे मूळ आहे. रिबाउंडची, म्हणजे हुकलेल्या फटक्यानंतर परत आलेला चेंडू पकडण्याची नोंद १९५०-५१च्या हंगामात सुरू झाली. स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावणे) आणि ब्लॉक (त्याचा फटका हवेतच अडवणे) मात्र १९७३-७४पासूनच अधिकृतपणे मोजले जाऊ लागले. तोपर्यंत बचावातील कौशल्याला, रिबाउंड वगळता, तक्त्यात जवळजवळ जागाच नव्हती.

या उणिवेचा सर्वांत मोठा फटका बॉस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेल यांच्या नोंदींना बसला. १३ हंगामांत ११ विजेतेपदे मिळवणाऱ्या संघाचे ते केंद्र होते, पण कारकिर्दीतील त्यांची गुणांची सरासरी जेमतेम १५ होती. प्रतिस्पर्ध्याचा फटका अडवताना चेंडू प्रेक्षकांत भिरकावून न देता तो कोर्टातच, शक्यतो सहकाऱ्याच्या हाती जाईल असा वळवणे ही त्यांची खासियत होती. क्रिकेटच्या धावफलकात क्षेत्ररक्षकाने अडवलेल्या धावा दिसत नाहीत, तसेच रसेल यांचे हे कामही कागदावर उमटले नाही. याउलट १९६१-६२च्या हंगामात विल्ट चेंबरलेन यांनी प्रत्येक सामन्यात सरासरी ५०.४ गुण मिळवले आणि २ मार्च १९६२ रोजी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकट्याने १०० गुण केले. त्याच हंगामात सिनसिनाटीच्या ऑस्कर रॉबर्टसन यांची गुण, रिबाउंड आणि असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारा पास) या तिन्ही बाबींतील सरासरी दोन आकडी राहिली. तरीही सर्वोत्तम खेळाडूचा मान रसेल यांनाच मिळाला. तेव्हा हे मतदान खेळाडू करत असत, आणि माझ्या मते या निकालाचा उलगडा त्यातच होतो : रसेल यांच्यासमोर चेंडू घेऊन बास्केटकडे जाताना काय वाटते, हे मतदारांना स्वानुभवाने ठाऊक होते.

पुढे मोजणीचा रोख बदलला. एखादा खेळाडू कोर्टावर असताना दोन्ही संघांच्या गुणांत किती फरक पडला हे पाहणारी प्लस-मायनसची पद्धत आइस हॉकीत आधीपासून रुळलेली होती. एनबीएच्या अधिकृत तक्त्यांत ती २००७-०८मध्ये आली. तिच्यात एक मूलभूत अडचण आहे. कोर्टावर एका वेळी पाच जण खेळत असल्याने उत्तम सहकाऱ्यांच्या पुण्याईवर सामान्य खेळाडूचा आकडाही फुगतो, आणि दोघे जण बहुतेक वेळ एकत्रच खेळत असतील तर श्रेय कोणाचे हे वेगळे करता येत नाही. म्हणून सोबतचे आणि समोरचे खेळाडू हिशेबात धरून हा आकडा दुरुस्त करण्याची गणिती तंत्रे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुढे आली. त्यांनी अडचण कमी केली, पण मिटवली नाही.

याच काळात ह्यूस्टन रॉकेट्सने २००६मध्ये संघात घेतलेला शेन बॅटिए हा या विचाराचा चालताबोलता दाखला ठरला. गुण थोडे, रिबाउंड बेताचे. परंतु तो कोर्टावर असताना संघ सरस खेळे. कोबी ब्रायंटसारख्या खेळाडूला त्याच्या हुकमी जागांपासून दूर, अवघड फटका घ्यावा लागेल अशा ठिकाणी ढकलणे हे त्याचे काम होते, आणि त्यासाठी रॉकेट्सचे विश्लेषक त्याला ब्रायंटच्या फटक्यांची बारकाईने केलेली आकडेवारी पुरवत. त्याची स्वतःची आकडेवारी ज्याविषयी मूक होती, तेच काम तो आकड्यांच्या आधाराने करत होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण दोष मोजण्यात नव्हता, काय मोजायचे याच्या निवडीत होता.

२०१३-१४पासून लीगच्या सर्व कोर्टांवर खेळाडूंच्या हालचाली टिपणारे कॅमेरे बसले आणि २०१६च्या प्लेऑफपासून, म्हणजे हंगामाअखेरीस विजेतेपदासाठी होणाऱ्या फेऱ्यांपासून, हाताने वळवलेले पास, बचावपटूने आव्हान दिलेले फटके यांसारख्या नोंदीही प्रसिद्ध होऊ लागल्या. तरीही ठसठशीत आकड्यांची मोहिनी ओसरली नाही. २०१६-१७मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरच्या रसेल वेस्टब्रुकने रॉबर्टसन यांच्याप्रमाणेच तिन्ही बाबींत दोन आकडी सरासरी राखली. त्याच्या संघाने ४७ सामने जिंकले आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीतील मालिकेत तो संघ ह्यूस्टनकडून १-४ असा हरला. रॉबर्टसन यांना ज्या कामगिरीवर १९६२मध्ये हा मान मिळाला नव्हता, तशाच कामगिरीवर वेस्टब्रुक सर्वोत्तम खेळाडू ठरला. मात्र या वेळी मते खेळाडूंची नव्हती, प्रामुख्याने क्रीडापत्रकार आणि समालोचकांची होती.