सक्तीचे आगमनोत्तर प्रशिक्षण (स्थलांतरित कामगार)

परदेशात पहिल्यांदाच कामाला आलेल्या कामगाराने हजर राहिलेच पाहिजे, असा यजमान देशाने ठरवून दिलेला अल्पमुदतीचा वर्ग. मायदेशातून निघण्याआधीचे प्रस्थानपूर्व प्रशिक्षण याहून वेगळे. भारतात २०१८ पासून प्रस्थानपूर्व प्रशिक्षणाचे एक दिवसाचे वर्ग घेतले जातात. पण तिथे बसलेल्याने मालक, खोली, पगारपत्रक यांतले काहीच अजून पाहिलेले नसते, त्यामुळे नेमके काय विचारायचे हेच त्याला सुचत नाही. पोहोचल्यावर दोनच दिवसांत प्रश्नांची रांग लागते.

सिंगापूरमध्ये घरकामगारांसाठी हा एक दिवसाचा वर्ग मे २०१२ मध्ये सुरू झाला. तिथे कामाला येण्यासाठी तोवर द्यावी लागणारी प्रवेश परीक्षा त्याच वेळी रद्द झाली. आगमनानंतर कामकाजाच्या तीन दिवसांत हजेरी लावावी लागते. अनेक जीव ज्यात गेले ते काम इथे नीट शिकवले जाते: उंच इमारतीतल्या खिडक्या बाहेरून पुसणे. खिडकीला जाळी असेल, पुसताना ती कुलूपबंद असेल आणि घरमालक किंवा त्याच्या वतीने दुसरी प्रौढ व्यक्ती शेजारी उभी असेल, तरच बाहेरची बाजू पुसायची. नाहीतर नकार द्यायचा. नियम पाठ करणे सोपे आहे. कालच ओळख झालेल्या मालकिणीला ‘नाही’ म्हणणे अवघड, म्हणून नकाराचे वाक्य मोठ्याने म्हणवून घेतलेले बरे.

बांधकाम कामगारांसाठी तिथला वेगळा वर्ग ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाला आणि पुढे इतर क्षेत्रांनाही लागू झाला. यातला कळीचा भाग पगाराचा. कामाच्या परवान्याच्या मंजुरीपत्रावर मूळ पगार, भत्ते व कपाती छापलेल्या असतात. त्या एजंटाने तोंडी सांगितलेल्या आकड्याशी ताडून पाहायच्या. ओव्हरटाइमचा दर मूळ तासाच्या दराच्या किमान दीडपट, आणि ओव्हरटाइम महिन्याला साधारणपणे ७२ तासांच्या आत. मालकाने भत्ते फुगवून मूळ पगार कमी दाखवला, तर एकूण रक्कम तेवढीच दिसते, पण ओव्हरटाइमचे पैसे घटतात. पहिल्या पगारात ही मेख सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. घरकामगारांना मात्र तिथला रोजगार कायदा लागू नाही, त्यामुळे हा हिशोब त्यांच्या उपयोगाचा नाही.

दक्षिण कोरियात २००४ पासूनच्या रोजगार परवाना पद्धतीत विमानतळावरून कामगार थेट निवासी प्रशिक्षण केंद्रात जातो. साधारण तीन दिवसांत भाषा, कायदा, सुरक्षा आणि आरोग्य तपासणी उरकते, मग मालक त्याला घेऊन जातो. जपानच्या तंत्र-प्रशिक्षणार्थी योजनेतले वर्ग याहून बरेच लांबतात: पहिल्या वर्षाच्या एकूण तासांच्या किमान एक-षष्ठांश, आणि मायदेशी पुरेसे पूर्वप्रशिक्षण झाले असेल तर एक-द्वादशांश. कायदेशीर संरक्षणाचा तास बाहेरच्या जाणकारानेच घ्यायचा असतो. ही अट शहाणपणाची आहे, कारण कंपनीचाच माणूस कंपनीविरुद्ध तक्रार कशी करायची हे मनापासून शिकवील, अशी अपेक्षा धरता येत नाही.

वर्ग फसतो तो बहुधा भाषेमुळे आणि वेळेमुळे. एकाच देशातून आलेले सगळे एकच भाषा बोलतात असे गृहीत धरले जाते. मग भारतातून आलेल्या तुकडीला हिंदीत शिकवले जाते आणि तमिळ कामगार नुसती मान हलवतो. रात्रभर प्रवास करून आलेले लोक सकाळी नऊच्या वर्गात डुलक्या घेतात. हेल्पलाइनचा क्रमांक वहीत उतरवला जातो, पण स्थानिक सिमकार्डच अजून नसते. म्हणून क्रमांक वर्गातच फोनमध्ये साठवून एकदा लावून पाहायचा आणि पलीकडून आपल्या भाषेत उत्तर मिळते का याची खात्री करायची.

वर्गाचे शुल्क पगारातून कापले जाणे हाही जुना दोष. सिंगापूरमध्ये घरकामगाराच्या वर्गाचा खर्च मालकाने करायचा असतो. तिथे नवख्या घरकामगारांच्या मुलाखतीही पहिल्या काही महिन्यांत घेतल्या जातात. सुट्टी मिळते का, पगार हातात पडतो का, हे त्यात विचारले जाते.