व्यायाम आणि खोलीचे तापमान

बंदिस्त जागेतील हवेचे तापमान, दमटपणा आणि वारा यांचा व्यायामाच्या क्षमतेवर व सुरक्षिततेवर होणारा परिणाम. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यापैकी जेमतेम पाव भाग प्रत्यक्ष कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते आणि ती बाहेर टाकण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त वळवावे लागते. ते रक्त स्नायूंनाही हवे असल्यामुळे उकाड्यात रोजच्याच व्यायामाला हृदयाचे ठोके वाढतात व दम लवकर लागतो. गॅलोवे आणि मॉन यांच्या १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सायकल चालवणारे पुरुष ११ अंश सेल्सियसला सरासरी सुमारे ९४ मिनिटे टिकले, ३१ अंशांना मात्र ५२ मिनिटांतच थकले. ४ अंशांच्या थंडीतही त्यांची वेळ ८१ मिनिटांवर उतरली. हे दीर्घ दमाच्या व्यायामापुरते खरे. वजन उचलण्यासारख्या क्षणिक जोराच्या कामात ऊबदार स्नायू उलट सरस ठरतात.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा अनेकदा ४० अंशांपुढे जातो. हवा त्वचेहून, म्हणजे साधारण ३५ अंशांहून, गरम झाली की अंगातील उष्णता घाम वाळण्यावाटेच बाहेर पडू शकते; म्हणून नुसता आकडा पाहून खोली पारखता येत नाही. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो व पाण्याचा कूलर चांगले काम देतो, पण पावसाळ्यात खिडक्या लावून तोच कूलर चालवल्यास हवा ओलसर होते आणि घाम नुसता निथळत राहतो. पत्र्याचे छप्पर किंवा सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापून सूर्यास्तानंतरही उष्णता सोडत असतो. त्यामुळे तालमीत पहाटेच जोर-बैठका काढण्याची जुनी रीत, निदान या गावात, संध्याकाळच्या जिमपेक्षा शहाणपणाची वाटते.

उष्ण हवेची सवय व्हायला शरीराला साधारण १ ते २ आठवडे लागतात. तोवर व्यायाम कमी ठेवावा. पेटके, मळमळ किंवा चक्कर आल्यास लगेच थांबून सावलीत विसावावे. शरीराचे आतील तापमान ४० अंशांपुढे जाऊन माणूस बरळू लागला, तर तो उष्माघात समजावा; अशा वेळी कातडी कोरडी पडतेच असे नाही, पुष्कळदा ती घामाने भिजलेली असते. रुग्णवाहिका बोलवावी, पण तिची वाट पाहत न बसता त्याला गार पाण्यात बसवावे किंवा अंगावर सतत पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.