‘ही कशी सुचली, ते सांगतो’

सोलापुरात चार-पाच जण कविता वाचायला बसले की कवी कागद उघडतो आणि पहिल्या ओळीच्या आधी म्हणतो, ‘ही कशी सुचली, ते सांगतो.’ मग आईचं आजारपण येतं, बंद पडलेली गिरणी येते, नळाच्या पाण्याची वाट बघत काढलेली रात्र येते, आणि त्यानंतर कविता. काही जाणत्या मंडळींना हे खटकतं. कविता स्वतःच्या पायावर उभी राहावी, तिला गोष्टीची काठी कशाला, असं ते म्हणतात. मला ते पटत नाही. या भागात कविता आणि तिच्यामागचं जगणं यांची ताटातूट कधी झालेलीच नाही, आणि ही सवय फार जुनी आहे.

सुरुवात सिद्धेश्वरांपासूनच करावी लागते. हे बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, म्हणजेच सिद्धराम, आपल्याला तळ्यामुळे, नंदीध्वजांमुळे, गड्ड्याच्या यात्रेमुळे माहीत असतात. ते कवी होते, हे मराठी घरांत कमी बोललं जातं, कारण त्यांची वचनं कन्नडात आहेत. वचन म्हणजे बोललेलं. वृत्ताचा आग्रह नाही, फक्त आपल्या दैवताच्या नावाची मुद्रा, म्हणजे ओळींतली सही. सिद्धरामांची मुद्रा ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’. कर्नाटकातल्या बसवण्णांच्या कल्याण नगरीत हे वचनकार जिथे जमत, त्या जागेला परंपरेने अनुभवमंटप म्हटलं. काव्यमंटप म्हटलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे पंधराव्या शतकात ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात वचनं एकत्र आली, तीही सुटी नाहीत. प्रसंगांत आणि संवादांत ओवलेली आहेत. त्यातच सोलापूरचा प्रसंग आहे. तळ्याचं काम चालू असताना वचनकार अल्लमप्रभू येतात आणि ‘तो माती खणणारा कुठे आहे’ असं विचारतात. आपल्या गुरूचा अपमान झाला म्हणून काम करणारे त्यांना दगड मारतात. पुढे सिद्धराम आणि अल्लम यांच्यात जे बोलणं होतं, ते वचनांतून. म्हणजे आधी तळं, घाम, राग, आणि मग ओळी. हा क्रम आमच्या बैठकीत आजही तोच आहे.

जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला पंढरपूर, मंगळवेढा, अरण. इथे अभंगाने वेगळी युक्ती काढली: गोष्ट आधी सांगायची नाही, ती नाममुद्रेत ठेवायची. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई स्वतःला ‘चोख्याची महारी’ म्हणवतात. दोन शब्दांत त्यांचं घर, त्यांची जात आणि महाद्वाराबाहेर उभं राहणं सगळं येतं. वेगळं निवेदन लागत नाही. चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून गेले. त्यांची समाधी आज पंढरपूरच्या महाद्वारासमोर आहे, आणि त्यांचा अभंग तिथे उभं राहून ऐकला की पार्श्वभूमी म्हणजे काय, ते कळतं. अरणच्या सावता माळ्यांनी तर मळ्यातली भाजीच अभंगात आणली.

पेशवाईच्या अखेरीस सोलापूरच्याच राम जोशींनी वैदिक घराण्यातून उठून डफाच्या साथीने लावणी गायली.

जात्यावरच्या ओवीला मात्र ना मुद्रा, ना श्रोते. सासरचं दुखणं, भावाची आठवण, पहाटेच्या अंधारात फक्त दगडाला सांगितलेली. बार्शीत १९१६ साली जन्मलेले शाहीर अमर शेख आईच्या ओव्या ऐकत वाढले, गिरणीत राबले आणि मग हजारोंच्या सभेत गायले. घरात दबून राहिलेला आवाज मैदानात पोचायला एक पिढी लागली.

प्रत्येक अनुभव स्वतःचाच असावा लागतो, असंही नाही. सोलापूरचे कवी कुंजविहारी यांची सर्वांत गाजलेली कविता फाशी जाणारा मुलगा आईशी बोलतो अशी आहे. ज्या गावाने १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्याच्या फाशीवर गमावले, तिथे ‘हा तुमचा अनुभव का’ असं कुणी विचारणार नाही.

मंचावरचं कवितावाचन त्या मानाने नवं. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक ठोमरे या कोवळ्या मुलाला ‘बालकवी’ हे नाव मिळालं. पुढे रविकिरण मंडळ या कवींच्या गटाने कविता लोकांसमोर गाऊन दाखवली. मग विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर गावोगाव हिंडले. सोलापुरात या रिवाजाला आणखी एक अंग आलं: घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारी माणसं मराठीत लिहू लागली. लक्ष्मीनारायण बोल्ली यांनी आपल्या आत्मकथेचं नावच ‘एका साळियाने’ ठेवलं. मागाचा खटखटाट ज्याने ऐकलेला नाही, त्याला अशा माणसाची कविता वाचताना दोन वाक्यं आधी सांगितली, तर त्यात कमीपणा कसला?

गेल्या पावसाळ्यात पूर्वभागातल्या, म्हणजे सोलापूरच्या तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या, एका गच्चीवर आम्ही दहा-बारा जण बसलो होतो. एका बाईंनी आईवरची कविता वाचली. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू आणि कात्री. कविता मध्येच थांबायची, ‘एक, दोन, तीन’ यायचं, पुन्हा थांबायची. आम्हाला ते थांबणं अडखळल्यासारखं वाटलं. त्यांनी प्रास्ताविक काही केलं नव्हतं. एका वयस्कर काकांनी विचारलं, ‘ताई, हे मोजणं कशाचं?’

त्या म्हणाल्या, ‘विड्यांचा कट्टा बांधताना आई मोजायची. पंचवीस. त्या वेळी आम्ही हाक मारायची नाही, भूक लागली तरी नाही. मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून.’

काका म्हणाले, ‘आता परत वाचा.’

त्यांनी परत वाचली. या वेळी थांबण्याच्या जागी आम्हीही श्वास धरून होतो. आणि मोजणी आली तेव्हा कागदावरचं मराठी बाजूला ठेवून त्या आईच्या आवाजात म्हणाल्या, ‘ओकटी, रेंडू, मूडू...’