विद्यापीठाच्या आवारातली बातमी कोणाच्या हाती?

परीक्षा पुढे ढकलली, वसतिगृहाची फी वाढली, ग्रंथालय आता रात्री लवकर बंद होणार, कुलगुरूंच्या कारभाराची चौकशी लागली. विद्यापीठाच्या आवारातली बातमी कुठलीही असो, ती दोन वाटांनी येते. एक परिपत्रकाची, सही-शिक्क्याची. दुसरी विद्यार्थ्यांची आपापसातली. पहिली उशिरा येते पण खात्रीची, दुसरी लवकर येते पण तिचा भरवसा नाही, असं आपण धरून चालतो. इतिहास चाळला तर अनेकदा याच्या नेमकं उलट घडलेलं दिसतं. आणखी एक गोष्ट ठळकपणे दिसते. ऐन प्रसंगी कामाला आलेली बहुतेक माध्यमं आधी अगदी किरकोळ बातम्यांसाठी सुरू झाली होती.

मध्ययुगात इटलीतल्या बोलोन्यासारख्या विद्यापीठात बातमी देणं हे बेडेलचं काम होतं. बेडेल म्हणजे विद्यापीठाचा चोपदार. तो वर्गावर्गांत फिरे, नियम वाचून दाखवी, सुट्टी कधी आहे ते सांगे आणि कुठली पुस्तकं विकायला आली आहेत हेही जाहीर करी. छापखाना यायच्या आधीचा काळ, म्हणून सगळं तोंडी.

तरीही मोठी बातमी दूरवर पोचायची. १२२९ साली पॅरिसमध्ये एका गुत्त्यात बिलावरून विद्यार्थ्यांची बाचाबाची झाली. त्यांना चोप मिळाला, दुसऱ्या दिवशी ते दांडकी घेऊन परतले, आणि मग नगररक्षकांच्या कारवाईत काही विद्यार्थी मारले गेले. अध्यापकांनी वर्ग बंद केले आणि विद्यार्थी-शिक्षक शहर सोडून पांगले. हा संप दोन वर्षं चालला. बातमी पसरताच इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीने या मंडळींना आपल्याकडे येण्याचं निमंत्रण दिलं. नुकत्याच निघालेल्या तुलूझ विद्यापीठाने तर पत्रच फिरवलं, की पॅरिसमध्ये बंदी असलेले ॲरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ आमच्याकडे शिकायला मिळतील. १२३१ साली पोप नवव्या ग्रेगरीच्या आज्ञापत्राने तंटा मिटला आणि अन्याय झाल्यास वर्ग बंद ठेवण्याचा विद्यापीठाचा हक्क त्यात लेखी मान्य झाला. विद्यापीठातल्या घडामोडी बाहेर कळतात तेव्हा आतल्या माणसांचं वजन वाढतं, याचा इतका जुना दाखला दुसरा मला माहीत नाही.

सूचनाफलकाचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग मात्र जर्मनीतल्या विटेनबर्गचा. तिथल्या विद्यापीठात जाहीर वादसभा घ्यायची तर तिचे मुद्दे चर्चच्या दारांवर लावायचे, असा नियमच होता. किल्ल्यातलं चर्च हे विद्यापीठाचंही चर्च होतं. तेव्हा ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने चर्चच्या कारभारावर बोट ठेवणारे आपले ९५ मुद्दे दारावर ठोकले असं जे सांगितलं जातं, त्यात ठोकणं ही बंडखोरीची कृती नव्हतीच. विद्यापीठाच्या दृष्टीने ती नेहमीची सूचना होती. ते मुद्दे खरोखर त्या दारावर लागले का, यावर १९६१ साली एर्विन इझरलो या इतिहासकाराने शंका घेतल्यापासून अभ्यासकांत वाद आहे. पण दार कशासाठी वापरलं जाई, याबद्दल वाद नाही. रोजच्या सूचनांची सवय असलेल्या जागेशी युरोप हलवणाऱ्या घटनेचं नाव जोडलं गेलं आहे.

पुढची काही शतकं भराभर ओलांडून थेट एकोणिसाव्या शतकात यावं लागतं. १८७० साली ऑक्सफर्डने गॅझेट आणि केंब्रिजने रिपोर्टर ही आपापली अधिकृत पत्रं सुरू केली. नेमणुका, व्याख्यानांची वेळापत्रकं, ठराव असं सगळं त्यांत छापून येऊ लागलं. त्याच सुमारास अमेरिकेत विद्यार्थ्यांची स्वतःची पत्रं निघत होती. हार्वर्डचं क्रिमझन १८७३ साली मॅजेंटा या नावाने निघालं. येल डेली न्यूजचा पहिला अंक २८ जानेवारी १८७८ चा. पहिल्याच संपादकीयात त्यांनी कारण दिलं होतं, की दिवस कंटाळवाणे चालले आहेत आणि इथल्या लोकांना बातम्या हव्या आहेत. मला हे कारण फार मोलाचं वाटतं. सत्तेला प्रश्न विचारायचे, अन्यायाला वाचा फोडायची, असला कुठलाही आव त्यात नाही. आज काय चाललंय ते आम्ही रोज सांगू, एवढंच.

रोज सांगणारं कोणी नसेल तर काय होतं, हे म्युनिकमध्ये दिसलं. नाझी राजवटीत विद्यार्थ्यांना स्वतंत्रपणे काही छापण्याची मुभाच उरली नव्हती. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी हान्स आणि सोफी शोल ही भावंडं ‘व्हाइट रोझ’ या नाझीविरोधी गटाचं सहावं पत्रक बॅगेत घालून विद्यापीठात आली. तास सुटायच्या आत त्यांनी वर्गांबाहेर गठ्ठे ठेवले आणि उरलेले कागद वरच्या मजल्यावरून मधल्या चौकात सोडून दिले. इमारतीच्या रखवालदाराने ते पाहिलं आणि दोघांना पकडून दिलं. चारच दिवसांनी, २२ फेब्रुवारीला, दोघांना आणि त्यांचा साथी क्रिस्तोफ प्रोब्स्ट याला मृत्युदंड दिला गेला. ते पत्रक मात्र देशाबाहेर पोचलं आणि त्याच वर्षी दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी त्याच्या प्रती जर्मनीवर टाकल्या. मोकळं माध्यम नसलेल्या विद्यापीठात बातमीची किंमत अशी जिवाने मोजावी लागते.

अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाची गोष्ट एका परिपत्रकाने सुरू झाली. विद्यापीठाच्या दाराशी, पदपथाच्या एका पट्ट्यावर विद्यार्थी टेबलं मांडून राजकीय पत्रकं वाटत. १४ सप्टेंबर १९६४ च्या पत्राने प्रशासनाने हे बंद केलं. १ ऑक्टोबरला टेबल मांडून बसलेल्या जॅक वाइनबर्गला पोलिसांनी गाडीत बसवलं तेव्हा विद्यार्थी गाडीभोवती बसून राहिले, तब्बल ३२ तास. गाडीच्या टपावर चढून एकेक जण बोलत होता. मारिओ सॅव्हिओने टपाला इजा होऊ नये म्हणून चढण्याआधी बूट काढले होते. डिसेंबरात सुमारे ८०० जणांना अटक झाली, आणि ८ डिसेंबरला प्राध्यापकांच्या सभेने ८२४ विरुद्ध ११५ मतांनी विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला. पत्रकं वाटण्याची एक टेबलाएवढी जागा, वाद तेवढ्यावरूनच पेटला होता.

विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रामुळे देशाचा कायदा बदलल्याचं उदाहरण स्टॅनफर्डचं आहे, आणि ते सविस्तर सांगायला हवं. एप्रिल १९७१ मध्ये विद्यापीठाच्या रुग्णालयात निदर्शकांनी ठिय्या दिला. पोलिसांनी तो मोडला, त्यात काही पोलीस जखमी झाले. स्टॅनफर्ड डेलीने फोटोंसह विशेष अंक काढला. हल्लेखोर ओळखता यावेत म्हणून आणखी फोटो मिळतील या आशेने १२ एप्रिलला पोलीस वॉरंट घेऊन थेट वृत्तपत्राच्या कचेरीत शिरले. फोटो धुण्याची खोली, फायलींची कपाटं, टेबलांचे खण, कचऱ्याच्या टोपल्यासुद्धा तपासल्या. अंकात आधीच छापलेल्या फोटोंपलीकडे काहीही सापडलं नाही. विद्यार्थी कोर्टात गेले. खालच्या कोर्टांत जिंकले, पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात हरले. स्वतः संशयित नसलेल्या वृत्तपत्राच्या कचेरीचीही वॉरंट घेऊन झडती घेता येते, असा निकाल लागला. देशभरातली मोठी वृत्तपत्रं हादरली, आणि १९८० साली अमेरिकेच्या संसदेने अशा झडत्यांवर कडक मर्यादा घालणारा कायदा केला. हा सगळा खटाटोप वसतिगृहाच्या आणि खेळांच्या बातम्या छापणाऱ्या पोरांनी केला होता.

तोवर छापखान्याला नवा सोबती मिळाला होता. इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाची संगणकाधारित शिक्षणप्रणाली होती. तिच्यातल्या चुका कळवण्यासाठी सोय हवी म्हणून १९७३ साली डेव्हिड वुली या १७ वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘नोट्स’ हा संगणक प्रोग्राम लिहिला. बघता बघता लोक त्यावर इतर गप्पाही मारू लागले. ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी १९७९ साली मांडलेल्या यूजनेटने पुढच्याच वर्षी विद्यापीठांचे संगणक बातम्यांसाठी एकमेकांना जोडायला सुरुवात केली.

नव्या माध्यमाचा धोकाही लगेच कळला. सप्टेंबर १९८२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकीय फलकावर एक कोडं चर्चेत होतं. लिफ्ट तुटून खाली येत असेल तर तिच्यातल्या मेणबत्तीचं आणि पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल? त्यावर एकाने गमतीत सूचना टाकली, की एका प्रयोगामुळे डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे आणि थोडी आगही लागली होती. मागची चर्चा न वाचलेल्यांना ती खरीच वाटली. विनोद ओळखायचा कसा यावर खल झाला आणि १९ सप्टेंबरला स्कॉट फॉलमन यांनी सुचवलं, की गमतीच्या मजकुरापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस असा आडवा हसरा चेहरा काढावा. आज फोनवर दिसणाऱ्या हसऱ्या चेहऱ्यांचा हा पूर्वज. अफवा आणि सूचना एकाच फलकावर एकाच अक्षरात दिसू लागल्या, की फरक करायचा कसा, ही अडचण तेव्हापासूनची आहे. हा मूळ संदेश पुढे हरवला होता. २००२ साली जुन्या चुंबकीय फितींवरच्या बॅकअपमधून तो शोधून काढावा लागला.

अधिकृत वाटेवर उशीर झाला तर काय होतं याचे धडे फार कडू आहेत. १९८६ साली अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीचा खून झाला. आवारात आधी झालेल्या गुन्ह्यांची माहिती विद्यार्थ्यांना दिली जात नव्हती, हे तिच्या आईवडिलांनी लावून धरलं. १९९० साली त्यावर कायदा झाला आणि पुढे त्याला तिचंच नाव मिळालं. सरकारी मदत घेणाऱ्या विद्यापीठांना आता दरवर्षी गुन्ह्यांची आकडेवारी प्रसिद्ध करावी लागते आणि धोका असल्यास वेळेत इशारा द्यावा लागतो.

वेळेत म्हणजे किती वेळात? १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाच्या एका वसतिगृहात सकाळी सव्वासातच्या सुमारास गोळीबार झाला. दोन विद्यार्थ्यांचा त्यात बळी गेला. प्रशासनाचा पहिला ईमेल ९ वाजून २६ मिनिटांनी निघाला. पुढच्या अर्ध्या तासात त्याच माणसाने नॉरिस हॉलमध्ये आणखी ३० जणांना मारलं. दोन तासांच्या त्या उशिराबद्दल शिक्षण खात्याने विद्यापीठाला दंड केला. क्लेरी कायद्यातल्या २००८ च्या दुरुस्तीने आणीबाणीत ताबडतोब सूचना देणं बंधनकारक झालं, आणि फोनवर येणाऱ्या इशाऱ्यांचा प्रसार तिथून वाढला. त्या दिवशी विद्यार्थ्यांचं कॉलेजिएट टाइम्स आपल्या संकेतस्थळावर सतत ताजी माहिती देत होतं.

आता आवारातली बहुतेक बातमी बंद गटांत फिरते. ४ फेब्रुवारी २००४ ला फेसबुक सुरू झालं तेही फक्त हार्वर्डपुरतं. आजचे संदेशगट त्याहून लहान, एकेका वर्गाचे, एकेका मजल्याचे. वेगाला तोड नाही. पण ती बॅच बाहेर पडली की गट संपतो आणि त्याबरोबर त्या वर्षांचा इतिहासही. येलचा १८७८ चा अंक आज वाचता येतो. गेल्या पाच वर्षांत एखाद्या वसतिगृहात काय काय घडलं, हे मात्र कुठेच सापडणार नाही. मला यात मोठं नुकसान दिसतं, कारण प्रशासनाला जाब विचारताना मागच्या वेळी काय ठरलं होतं याचा कागद हातात असावा लागतो.

असा कागद वर्षानुवर्षं जपणारं पत्र काय करू शकतं, हे परत स्टॅनफर्डमध्येच दिसलं. स्टॅनफर्ड डेली १९७३ पासून विद्यापीठापासून स्वतंत्र आहे. पैसा आणि मालकी स्वतःची. नोव्हेंबर २०२२ मध्ये पहिल्याच वर्षात शिकणाऱ्या थिओ बेकर या विद्यार्थ्याने विद्यापीठाचे अध्यक्ष आणि नामवंत मेंदूशास्त्रज्ञ मार्क तेसिए-लाव्हीन यांच्या जुन्या शोधनिबंधांतल्या प्रतिमांमध्ये फेरफार झाल्याचे आरोप छापायला सुरुवात केली. विश्वस्तांना तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. तेसिए-लाव्हीन यांनी स्वतः फेरफार केल्याचं समितीला आढळलं नाही, पण शोधनिबंधांतल्या चुका दुरुस्त करण्यात ते कमी पडले, असं अहवालाने म्हटलं. १९ जुलै २०२३ रोजी त्यांनी अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं.