क्लोरोडाइन

क्लोरोडाइन : क्लोरोफॉर्म व मॉर्फीन हे मुख्य घटक असलेले, जुलाब, पोटशूळ व खोकल्यावर थेंबांच्या मापाने घ्यावयाचे वेदनाशामक द्रव औषध. ते १८५० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये विक्रीस आले. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ज्यांना सरसकट ‘पेटंट औषधे’ म्हणत त्यांपैकी हे एक विशेष दीर्घायुषी औषध होय. क्लोरोफॉर्म आणि ‘ॲनोडाइन’ (वेदनाहारक) या शब्दांच्या जोडातून नाव बनले असून त्याविषयी मतभेद नाही. मतभेद आहे तो नाव व मिश्रण कोणाचे, याविषयी.

‘पेटंट’ हा शब्द येथे फसवा आहे. राजाच्या अधिकारपत्राने औषधांना संरक्षण देण्याची इंग्लंडमधील प्रथा सतराव्या शतकाच्या अखेरीची. मिश्र औषधाच्या अगदी सुरुवातीच्या पेटंटांत रिचर्ड स्टॉटन यांच्या १७१२ च्या अर्काचा उल्लेख होतो. अँडरसनच्या स्कॉट गोळ्यांना १६८७ मध्ये मिळालेले राजपत्र याच वर्गात धरावे की नाही, हा व्याख्येचा प्रश्न आहे. पुढे पेटंटासाठी कृती उघड करणे भाग पडू लागले आणि चौदा वर्षांनी हक्क संपत असे. त्यामुळे शहाण्या उत्पादकांनी पेटंट टाळून गुप्त कृती व ठळक नाव यांवर भिस्त ठेवली. क्लोरोडाइनचे पेटंट कधीच घेतले गेले नाही. याचे कायदेशीर परिणाम पुढे आले आहेत.

उगम व कालनिर्णय : रूढ मतानुसार ब्रिटिश सैन्यातील शल्यवैद्य जॉन कॉलिस ब्राउन (१८१९–८४) यांनी हिंदुस्थानात असताना, १८४८ च्या सुमारास, पटकीच्या रुग्णांसाठी हे मिश्रण तयार केले. १८५४ मध्ये डरहॅम परगण्यातील ट्रिमडन या गावी पटकीच्या साथीत त्यांनी ते वापरल्याचे सांगतात. १८५६ मध्ये सैन्य सोडल्यावर त्यांनी लंडनचे औषध-विक्रेते जे. टी. डॅव्हनपोर्ट यांच्याकडे निर्मिती सोपवली. कृती आपल्यालाच सांगितलेली आहे, असे डॅव्हनपोर्ट जाहिरातींत आवर्जून छापत. १८४८ ही तारीख मात्र जपून घ्यावी, कारण तिचा पुरस्कार प्रामुख्याने नंतरच्या, व्यापारी हेतूने लिहिलेल्या मजकुरात आढळतो.

घटकांवरून काळ ठरवण्याचा प्रयत्न करता येतो, पण तो फार पुढे नेत नाही. एडिंबरो येथे जेम्स यंग सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्मचा भूल देण्यासाठी वापर केला तो नोव्हेंबर १८४७ मध्ये. त्यामुळे त्यापूर्वी क्लोरोडाइन असणे शक्य नाही, असा युक्तिवाद सुचतो. परंतु क्लोरोफॉर्मचा शोध १८३१ च्या सुमाराचा आहे आणि त्याचे मद्यार्कातील द्रावण ‘क्लोरिक ईथर’ या नावाने, भूल देण्याची कल्पना येण्याआधीच, पोटात देत असत. क्लोरोडाइनमध्ये पडणाऱ्या गांजाच्या अर्काचेही तसेच. कलकत्त्याचे डब्ल्यू. बी. ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये गांजावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि त्यानंतर लवकरच लंडनचे पीटर स्क्वायर यांनी त्याचा अर्क बनवला. म्हणजे या मिश्रणासाठी हिंदुस्थानात असण्याची गरज लंडनच्या औषध-विक्रेत्याला उरली नव्हती. अफूबद्दल तर बोलायलाच नको: इंग्लंडमधील मॉर्फीन बहुतांशी तुर्की अफूपासून काढत. वेदनाशामक मिश्रणे लष्करी डॉक्टर व औषध-विक्रेते दोघेही आपापल्या परीने बनवत होते, आणि ब्राउन यांनी त्यांपैकी एकाला नाव व बाजारपेठ दिली, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

प्रतिस्पर्धी दावा रिचर्ड फ्रीमन यांचा. त्यांचे उत्पादन ‘मूळ’ क्लोरोडाइन म्हणून विकले जाई. हे प्रकरण १८६४ मध्ये न्यायालयात गेले. न्यायमूर्ती सर विल्यम पेज वुड यांनी ब्राउन हेच निःसंशय जनक असल्याचे व फ्रीमन यांची हकीकत खोटी असल्याचे मत दिले. तथापि नावाचा मक्ता ब्राउन यांच्याकडे राहिला नाही. फ्रीमन, टाउल व इतरही क्लोरोडाइन विकत राहिले. न्यायमूर्तींचे ते उद्गार, ‘टाइम्स’च्या १३ जुलै १८६४ च्या अंकाचा हवाला देऊन, डॅव्हनपोर्ट पुढील कित्येक वर्षे जाहिरातीत छापत होते. वाद पूर्ण मिटणे दोन्ही पक्षांच्या सोयीचे नव्हते, हे उगमाविषयीची कोणतीही साक्ष वाचताना लक्षात ठेवावे.

घटक : ब्राउन यांची कृती गुप्त होती आणि प्रत्येक उत्पादकाच्या बाटलीत मॉर्फीनचे प्रमाण निराळे असे. डॉक्टरांना भरवशाचा पर्याय मिळावा म्हणून ब्रिटिश औषधकोशाने १८८५ मध्ये क्लोरोफॉर्म व मॉर्फीन यांचा अर्क समाविष्ट केला. त्यात ईथर, सौम्य हायड्रोसायनिक अम्ल, पेपरमिंट तेल, ज्येष्ठमधाचा अर्क आणि काकवी होती. १८९८ च्या सुधारित कृतीत काकवी व ज्येष्ठमध गेले; गांजाचा व मिरचीचा अर्क आणि ग्लिसरीन आले. मिरची कशासाठी, असे वाटेल. पोटात ऊब भासावी हा उद्देश दिसतो. अफूजन्य द्रव्ये आतड्यांची हालचाल मंदावतात, त्यामुळे जुलाब व कळा खरोखर थांबत. पटकीत मात्र रोगी शरीरातील पाणी व क्षार गमावल्याने दगावतो; त्यावर या औषधात काहीच नव्हते.

याच मुद्द्यावर क्लोरोडाइन इतर पेटंट औषधांहून वेगळे पडते. ब्रिटिश वैद्यक संघाने १९०९ मध्ये केलेल्या पृथक्करणात बीचमच्या रेचक गोळ्यांत कोरफडीचा बोळ, सुंठ व साबण निघाला, आणि ५६ गोळ्यांच्या डबीतील मालाची किंमत अर्धा फार्दिंग (पेनीचा आठवा हिस्सा) भरली. क्लोरोडाइनविरुद्ध तक्रार उलट होती: त्यात औषध होते, आणि ते फार होते.

किंमत व जाहिरात : लहान बाटली १ शिलिंग १½ पेन्सला मिळे. हा विचित्र आकडा करामुळे आला. १७८३ पासून गुप्त कृतीच्या औषधांवर मुद्रांक शुल्क होते आणि शिलिंगपर्यंतच्या मालाला ते दीड पेनी पडे. सरकारी मुद्रांक बाटलीच्या तोंडावर चिकटवलेला असल्यामुळे सरकारनेच औषधाची हमी दिली आहे, अशी गिऱ्हाइकांची समजूत होई. उत्पादकांनी ती दूर करण्याची घाई केली नाही. जाहिरातींवरील कर १८५३ मध्ये, वृत्तपत्रांवरील मुद्रांक १८५५ मध्ये व कागदावरील कर १८६१ मध्ये गेला. डॅव्हनपोर्ट यांचा धंदा नेमका या सवलतींच्या काळात उभा राहिला. जाहिरातीच्या खर्चाच्या बाबतीत गोळ्या व मलम विकणारे टॉमस हॉलोवे (१८००–८३) यांची बरोबरी त्या काळी क्वचितच कोणी केली असेल. अखेरच्या काळात ते जाहिरातींवर वर्षाला सुमारे ५०,००० पौंड खर्च करत.

क्लोरोडाइनच्या जाहिरातीत खोकला, दमा, क्षय, अपस्मार, संधिवात, दातदुखी व कर्करोगसुद्धा एकाच दमात येत. सर्वांत गाजलेला मजकूर अर्ल रसेल यांच्या नावाचा. मनिला येथील ब्रिटिश वाणिज्यदूताने पटकीत क्लोरोडाइनचाच उपयोग झाल्याचे कळवले होते. परराष्ट्रमंत्री या नात्याने रसेल यांनी ते पत्र ‘रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या वैद्यांच्या संस्थेकडे पाठवले. जाहिरातीत मात्र मंत्र्यानेच प्रशस्तिपत्र दिल्याचा भास होतो.

विषविषयक कायदा : १८६८ च्या औषधविक्री कायद्याने अफू विषांच्या यादीत घातली, पण पेटंट औषधांना सूट दिली. औषध प्यायल्याने झालेल्या मृत्यूंमुळे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हा विषय लावून धरला. १८९२ मध्ये डॅव्हनपोर्ट यांच्यावर खटला होऊन दंड झाला. पुढच्या वर्षी पायपर खटल्यात न्यायालयाने सांगितले की, सूट खऱ्या पेटंटालाच आहे. ज्याने पेटंट घेतलेच नव्हते त्या क्लोरोडाइनवर ‘विष’ हा शब्द छापणे अशा रीतीने भाग पडले.

हिंदुस्थानातील प्रसार : सैन्य व मुलकी अधिकाऱ्यांच्या औषधपेटीत क्लोरोडाइन असे आणि येथील इंग्रजी वर्तमानपत्रांत त्याच्या जाहिराती येत. पटकीचा व युरोपीयांचा संबंध जुना आहे. गार्सिया द ऑर्ता यांनी गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या ग्रंथात तिचे वर्णन केले. मराठी ‘मोडशी’ या शब्दाचे पोर्तुगीजांनी ‘मोर्देशी’ केले, आणि फ्रेंचांनी त्यातून ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाचा शब्द घडवला, ही व्युत्पत्ती बहुतेक कोशकार मान्य करतात.

नंतरचा काळ : पेटंट औषधांविषयी ब्रिटिश संसदेने १९१२ मध्ये नेमलेल्या समितीचा अहवाल ४ ऑगस्ट १९१४ रोजी, म्हणजे ब्रिटन युद्धात उतरले त्याच दिवशी, बाहेर आला व बाजूला पडला. घातक मादक द्रव्यांचा कायदा १९२० मध्ये झाला. मुद्रांक शुल्क १९४१ मध्ये रद्द होऊन घटक छापणे सक्तीचे झाले. भारतात आक्षेपार्ह औषधी जाहिरातींवरील कायदा १९५४ चा आहे. कॉलिस ब्राउन यांच्या नावाचे मिश्रण ब्रिटनमध्ये एकविसाव्या शतकातही मिळत राहिले. त्यात अल्प मॉर्फीन व पेपरमिंट तेल असे, क्लोरोफॉर्म व गांजा नसे.